न पडलेलं विमान

सौसरात कोणालाही देवीदास सोमकुवरचं नाव विचारलं, की समोरचा जरा वेळ कपाळाला आठ्या घालायचा आणि मग म्हणायचा, "तो ना? मिलिट्रीतला? ट्रकखाली मेला तो." श्रावण, म्हणजे देवीदासचा बाप, चौदा वर्षं हे ऐकत आला होता. न्हाव्याकडे ऐकलं, राशनच्या रांगेत ऐकलं, पुतणीच्या सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा ऐकलं. सांगणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नसायचं. पण 'मिलिट्रीतला' म्हणताना वर गेलेला आवाज 'ट्रकखाली' म्हणताना खाली यायचा. त्या खाली येणाऱ्या आवाजाचा श्रावणला फार राग होता, आणि तो राग काढायला जागा नव्हती.

श्रावण हा मोरेश्वररावांच्या संत्र्याच्या बगीच्याचा राखणदार. लोधीखेड्याच्या रस्त्याला नाल्याच्या काठानं पसरलेला तो बगीचा मोरेश्वररावांच्या वडिलांनी लावला, मोरेश्वररावांनी वाढवला आणि श्रावणनं राखला. पैकी पहिल्या दोघांची नावं फाटकावरच्या पाटीवर होती. एक मचाण, एक गोफण, वाजवायला पत्र्याचा डबा आणि ओरडायला घसा, एवढी श्रावणची आयुधं. राखणीचा त्याचा नियम मात्र पक्का होता. पाखरू मारायचं नाही, वानर मारायचं नाही, चोराचंही डोकं फोडायचं नाही. "मारलं तं एक मरते," तो म्हणायचा, "अन् तोवर बाकीचे खाऊन मोकळे होतात. उतरूच नाही देलं, तं सगळेच उपाशी जातात."

देवीदास हे लहानपणीच शिकला. बगीच्याला लागून ज्वारीचं वावर होतं, त्याच्या मचाणीवर बाप त्याला घेऊन बसायचा. मिठ्ठूंचा थवा आला की पोरगा थव्याच्या मधोमध दगड भिरकावायचा आणि दगड पोचेपर्यंत थवा पुढे निघून गेलेला असायचा. श्रावण त्याचा दंड धरून गोफणीचं तोंड पुढे वळवायचा. थवा आहे तिथं नाही, जाणार आहे तिथं. दगड तोंडासमोरून सणसणत गेला की अख्खा थवा वळतो, आणि कणसाला चोच लागत नाही. पोराला ते असं साधलं की पुढं पुढं श्रावण मचाणीवर नुसता बिडी ओढत बसायचा.

पोरगं शिकलं, पलटणीत भरती झालं, आणि नेमकं गेलं विमानविरोधी तोफेवर. पहिल्या सुटीत आलं तेव्हा घरात धड जेवलंही नाही. मचाणीवर बापाशेजारी जाऊन बसलं आणि हसत सुटलं. "बाबा, तिथीबी तेच हाय. विमान जिथी हाय तिथी मारत नाहीत, जिथी जाईन तिथी मारतात. उस्ताद म्हणे, तुले हे आधीच कसं येते? मी म्हटलं, ज्वारीच्या वावरात शिकलो जी." ही गोष्ट त्यांच्या बौद्ध वस्तीत पसरली. म्हातारे देवीदासला दिसेल तिथं चिडवायचे, "बाप पाखरं हाकलते तं मालक ज्वारी देते, पोट्टा पाखरं हाकलते तं सरकार पगार देते. खानदानी धंदा हाय बावा तुमचा!" श्रावण वरवर त्यांच्यावर खेकसायचा आणि आतून फुलून यायचा.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. देवीदास सरहद्दीवर नव्हता. पंजाबात आतल्या बाजूला एका नदीवर रेल्वेचा पूल होता, त्याच्या राखणीला त्याची तोफ लावली होती. लढाई संपली, लोकांनी पेढे वाटले, आणि पेढे तोंडात असतानाच तार आली.

त्याच महिन्यात पांढुर्ण्याकडचा एक जवान सरहद्दीवर गोळी लागून गेला होता. त्याच्या अस्थी आल्या तेव्हा बाजार बंद होता, आणि तिगावच्या स्टेशनावरसुद्धा लोक हार घेऊन उभे होते म्हणतात. ते योग्यच झालं. त्याबद्दल श्रावणनं कधी तोंड वाकडं केलं नाही. देवीदासच्या अस्थी छोट्या लाईनच्या गाडीनं आल्या. फलाटावर श्रावण होता, त्याची बायको चंद्रकला होती, वस्तीतली दहा-बारा माणसं होती, आणि तहसिलीतून सही घ्यायला आलेला एक शिपाई होता. शिपायाला घाई होती.

अस्थी घेऊन आला तो रामाकोन्याचा नत्थू. देवीदासच्याच तोफेवरचा सोबती. त्यानं वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं, काही झाकलं नाही, काही वाढवलं नाही. एका सकाळी दोन विमानं पुलाच्या रोखानं आली. तोफांनी त्यांच्या तोंडासमोर आगीची भिंतच उभी केली. विमानं वळली, बॉम्ब रेतीत टाकून निघून गेली, आणि पुन्हा त्या बाजूला फिरकली नाहीत. पडलं त्यातलं एकही नाही. लढाई थांबल्यावर तोफ ट्रकला जोडून परत न्यायची होती. धुकं होतं, उतार होता, ट्रक मागं घरंगळला, आणि मध्ये देवीदास होता.

 चंद्रकलानं पदर तोंडावरून काढला आणि एकच गोष्ट विचारली.

"पूल राह्यला का?"

"राह्यला, माय," नत्थू म्हणाला. "त्याच दिवशी त्याच्यावरून गाडी गेली."

त्या एका वाक्यावर त्या बाईनं पुढची वर्षं काढली. छोट्या लाईननं रामाकोन्याकडे जाताना कन्हानचा पूल आला, चाकांचा आवाज बदलला, की ती हात जोडायची. हासुद्धा कोण्या मायच्या लेकरानं राखला असन, म्हणायची. पुढे काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले, पण पूल आला हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर सौसरात ठरलं की शाळेजवळच्या चौकात शहिदांचा दगड उभारायचा. तालुक्यातली आणि आजूबाजूची नावं त्यावर कोरायची, आणि सव्वीस जानेवारीला पक्षाच्या मोठ्या पाहुण्यांच्या हातून पडदा उघडायचा. समितीचे अध्यक्ष मोरेश्वरराव. ज्या गावात संत्र्याचा मोठा बागायतदार आणि समितीचा अध्यक्ष ही दोन वेगळी माणसं असतील, ते गाव अजून कोणी पाहिलेलं नाही. सचिव होते शाळेचे विजय गुरुजी, कारण भाषणं लिहायला कोणीतरी लागतं.

चंद्रकलाच्या कानावर ही बातमी गेली आणि तिनं धोशा लावला. "तुम्ही मालकाले म्हणा ना. त्याचं नाव असलं तं मी हात लावून पाहीन. फोटो मले दिसत नाही आता. त्याचं तोंड बी आठवत नाही कधी कधी." हे शेवटचं तिनं फार हळू सांगितलं.  श्रावण दुसऱ्याच दिवशी मोरेश्वररावांच्या छपरीत जाऊन उभा राहिला. तिथं चार माणसं चहा पीत बसली होती.

"मालक, दगडावर नावं कोरून राहिले म्हणते."

"हो. तीन नावं आहेत. काऊन?"

"माह्या देवीदासचं..."

मोरेश्वरराव हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते समजावणीच्या सुरात बोलले, आणि तेच जास्त लागलं. "श्रावण, शहीद कोणाले म्हणतात? सरहद्दीवर दुश्मनाच्या हातून जो जाते त्याले. तुझा पोरगा आपल्याच मुलखात होता. लढाई संपल्यावर गेला, अन् गेला तोही आपल्याच ट्रकखाली. ट्रकखाली तं आपल्या नाक्यावर दरसाल जातात. त्या सगळ्यांची नावं कोरली तं दगड पुरन का?"

"तो तोफेवर होता जी. पुलावर."

"होता ना. पण विमान पाडलं का एखादं?"

"पाडलं नाही. येऊ नाही देलं."

"अरे, येऊ न देणं कोणाले दिसते का? दगडावर काय कोरू? 'येऊ दिलं नाही'?"

आता मात्र चहा पिणारे हसले. श्रावणच्या तोंडाशी आलं होतं की मालक, तुमचा बगीचाही मी असाच राखून राहिलो, तोही कोणाले दिसत नाही. पण ते तोंडातच राहिलं. मालकाच्या छपरीत उभं राहून मालकाला शिकवणारा नोकर अजून जन्माला यायचा होता. तो "बरं जी" म्हणून परत आला आणि चंद्रकलाला म्हणाला की विचार चालू आहे.

विचार खरंच चालू झाला, पण तो श्रावणमुळे नव्हे. पालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि मोरेश्वररावांना उभं राहायचं होतं. पाहुण्यांकडून निरोप आला की दगडावर वस्तीचं एकही नाव नाही, ते बरं दिसत नाही. दगड ठरला तेव्हा हे कोणाला खुपलं नव्हतं. मतं मोजायची वेळ आली आणि सगळ्यांच्या डोळ्यांत एकदम खुपलं.

विजय गुरुजी लूना घेऊन बगीच्यात आले. मिरगाचा बहार झाडांवर होता, फळ नुकतंच रंग धरत होतं. श्रावण मचाणीवरून खाली उतरला.

"काका, देवीदासचं नाव घेतलं," गुरुजी म्हणाले.

 श्रावणनं गुरुजींचे हात धरले. गुरुजींनी ते सोडवून घेतले आणि लूनाचं हँडल पुसायला लागले.

"एक आहे पण. नावाखाली एक ओळ असते. बाकी तिघांच्या खाली 'सीमेवर वीरगती' आहे. देवीदासच्या खाली समितीनं लिहायचं ठरवलं, 'शत्रूचं विमान पाडताना वीरगती'. दगडावर इथल्या सरकारच्या भाषेत, हिंदीत राहील, पण अर्थ तोच."

"पण त्यानं पाडलं नाही, गुरुजी."

"मले माहीत आहे, काका."

"मग?"

"पूल राखला असं लिहिलं तं पाहुणे म्हणतील, बरं, मग पुढं काय? नावच राहून जाईन. तुम्हांले काही करायचं नाही. फक्त बोलायचं नाही. कोणी विचारलं तं गप्प राहायचं."

गुरुजी वाईट माणूस नव्हते. वाईट माणसानं हे डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं असतं. श्रावण झाडाच्या बुंध्याशी उकिडवा बसला. त्याच्या डोळ्यांपुढे चंद्रकलाची बोटं येत होती, अक्षरांवरून फिरणारी. खोटं काय, एक ओळ. नाव तर खरं आहे. असं स्वतःला समजावून तो म्हणाला, "बरं."

घरी त्यानं फक्त नावाचं सांगितलं. चंद्रकला चाचपडत भिंतीशी गेली, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलेल्या पोराच्या फोटोवर हात ठेवला आणि त्यालाच सांगितलं, "आता तुले कोणी काही म्हणणार नाही रे." मग वळून म्हणाली, "पुलाचं लिहिलं का?"

"लिहिलं असन," श्रावण म्हणाला. आणि गोफण घेऊन लगेच बगीच्याकडे निघाला.

पंचवीस तारखेला मोरेश्वरराव स्वतः बगीच्यात आले. श्रावणसाठी त्यांनी नवं धोतर आणलं होतं. सकाळी दहाला मंचावर बसायचं, हार घालतील तेव्हा हात जोडायचे, एवढं समजावून सांगितलं.

"अन् बगीच्यात कोण राहीन, मालक?"

"एका दिवसानं काय होते रे? इतकी वर्षं झाली, आपल्या बगीच्यातलं एक फळ कधी गेलं नाही. इकडे चोर फिरकतच नाहीत. अन् वानरं तं मी इथं कधी पाहिलीच नाहीत."

श्रावणला वाटलं, मालक थट्टा करतात. त्यानं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. माणूस मनापासून बोलत होता. नाल्यापलीकडच्या चिंचेवर वानरांची अख्खी टोळी मुक्कामाला होती, आणि आठ दिवसांपूर्वीच रस्त्याकडच्या कुंपणाशी त्यानं दोघा चोरांना पोत्यांसकट पळवून लावलं होतं. हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. मग त्याला आठवलं की आपल्याला गप्प राहायला सांगितलं आहे.

"बरं जी," तो म्हणाला.

यात सूड होता का? थोडा होता. नाही म्हणणं खोटं होईल, आणि त्या आठवड्यात सौसरात खोटं पुरेसं झालं होतं.

संध्याकाळी भोंगा लावलेली रिक्षा गावभर फिरली. नाक्यावर फिरली, बाजारात फिरली, लोधीखेड्याच्या रस्त्यानंही जाऊन आली. मोरेश्वररावांच्या बगीच्याचे राखणदार, वीरपिता श्रावणजी सोमकुवर यांचा उद्या सकाळी चौकात जाहीर सत्कार होणार, असं तिनं पुन्हा पुन्हा ओरडून सांगितलं. चोरांना यापेक्षा चांगलं आमंत्रण कोणी दिलं नसेल.

सव्वीसला चौक माणसांनी भरून गेला. चंद्रकला पांढरं लुगडं नेसून श्रावणशेजारी मंचावर बसली होती, एक हात त्याच्या मनगटावर. खाली पुढच्या रांगेत नत्थूजी होते. नत्थू आता नत्थूजी झाला होता; रामाकोन्यात पिठाची गिरणी चालवायचा, आणि आज छातीवर जुनी पदकं लावून आला होता. पाहुणे उशिरा आले, पण आल्यावर त्यांनी कसर ठेवली नाही. दगडावर एक विमान होतं, पाहुण्यांनी भाषणात तीन केली. देवीदासला त्यांनी सरहद्दीपलीकडे पाठवलं, दुश्मनाच्या बॉम्बवर्षावात उभं केलं, छातीवर जखमा दिल्या आणि मरताना त्याच्या तोंडी देशाचा जयजयकार घातला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरांनी फटाक्यांची लड लावली. देवीदास अमर रहे, असं चौक ओरडला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या नावावर गावाचा आवाज वर गेला होता, आणि श्रावणला मान वर करता येईना.

त्याच्या मनगटावरची बोटं आवळली.

"हे कोणाचं सांगून राहिले?" चंद्रकलानं विचारलं.

"आपल्या देवीदासचं."

"नाही जी. हा कोणी दुसरा असन."

पडदा उघडला. विजय गुरुजींनी वीरमाता म्हणून चंद्रकलाला दगडाशी नेलं. तिनं हात पुढे केला. थंड, गुळगुळीत दगड, त्यात खोल अक्षरं. बोटं वरून खाली, खालून वर फिरली, पण ती बाई डोळे होते तेव्हाही कधी वाचायला शिकलेली नव्हती. तिला कळेना की यातला आपला कोणता. तिनं हाक मारली, "नत्थू, तू हाय का इथी? वाच बापू मले."

नत्थूजी पुढे झाले. त्यांनी तिचं बोट धरून एकेका अक्षरावर ठेवलं. देवीदास. सोमकुवर. ती हसली, मान डोलावली. मग बोट खालच्या ओळीवर गेलं आणि नत्थूजी थांबले.

"काऊन थांबला?"

नत्थूजींनी श्रावणकडे पाहिलं, मोरेश्वररावांकडे पाहिलं. पण त्या माणसानं विहाराच्या ओट्यावरही काही झाकलं नव्हतं. "विमान पाडताना गेला, असं लिहिलं, माय."

"अन् पूल?"

"पुलाचं नाही लिहिलं."

चंद्रकलानं दगडावरचा हात काढला आणि लुगड्याला पुसला. "मग हा माहा नाही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण माईक जवळ होता आणि सगळ्या चौकानं ते ऐकलं. "माह्यानं विमान नाही पाडलं. माह्यानं पूल राखला. हा कोण्या दुसऱ्या बाईचा हाय. तिले बोलवा."

मोरेश्वररावांनी बॅन्डवाल्यांकडे हात केला. बॅन्ड जोरात सुरू झाला. "वीरमातेला भरून आलं आहे," असं भोंग्यातून सांगण्यात आलं आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. विजय गुरुजी खाली वाकून पडद्याची दोरी गुंडाळू लागले. ती गुंडाळायची काही गरज नव्हती.

चंद्रकला श्रावणच्या दिशेनं वळली. "तुम्हांले माहीत होतं?"

"होतं."

 डोळे गेल्यापासून रस्त्यानं चालताना ती श्रावणचा हात धरायची. त्या दिवशी तिनं नत्थूजींचा हात धरला आणि घराकडे निघाली. श्रावण गळ्यात झेंडूचा हार घेऊन मागून चालत राहिला. इतकं एकटं त्याला देवीदास गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुपार कलल्यावर तो बगीच्यात गेला. रस्त्याकडच्या ओळी झाडून नेल्या होत्या. कुंपण दोन ठिकाणी आडवं होतं आणि पोती ओढल्याच्या खुणा सडकेपर्यंत गेल्या होत्या. नाल्याकडच्या बाजूला टोळीनं जेवण उरकलं होतं. फांद्या मोडलेल्या, सालींचा खच, अर्धं खाल्लेलं फळ जागोजाग. एक वानर मचाणीवर त्याच्या जागी बसलं होतं आणि त्याला पाहूनही उठलं नाही. श्रावणनं गोफण हातात घेतली, पण दगड घातला नाही. आता काय राखायचं होतं?

तेवढ्यात जीप आली. मोरेश्वरराव पाहुण्यांना बगीचा दाखवायला आणि ताज्या संत्र्यांची टोपली द्यायला घेऊन आले होते. फाटकातून आत येतानाच त्यांचा चेहरा पांढरा पडला. पाहुणे इकडेतिकडे पाहून म्हणाले की पुन्हा कधीतरी येऊ, आणि जीपमधून उतरलेच नाहीत.

"कुठं मेला होता रे तू?" मोरेश्वरराव गरजले.

"तुमच्या मांडवात होतो जी. हार घालून."

"अरे पण हे काय झालं? एका दिवसात? इतकी वर्षं कधी असं झालं नाही!"

"इतकी वर्षं मी येऊ नाही देलं, मालक," श्रावण म्हणाला. "तुम्ही म्हटलं होतं ना, येऊ न देणं कोणाले दिसते का? ते दिसत नाही. येऊ देलं की मंग हे असं दिसते. तिथी पंजाबात पूल दिसला असता असाच."

मोरेश्वररावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना काही उमगलं असतं तर ही गोष्ट इतकी कडू झाली नसती. "पुलाचं काय मधातच?" ते म्हणाले. "डोकं फिरलं तुझं. उद्यापासून येऊ नको."

श्रावणनं हार काढून मचाणीच्या खांबाला अडकवला, गोफण कमरेला गुंडाळली आणि निघाला. मोरेश्वररावांनी चार दिवसांत दुसरा राखणदार ठेवला, त्याला बंदूक घेऊन दिली, आणि पाहिलेल्या प्रत्येक वानरामागं तो एक बार काढतो म्हणून त्याचं कौतुकही करू लागले.

घरी चंद्रकला बोलत नव्हती. भाकर वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. शेवटी श्रावण विजय गुरुजींकडे गेला आणि म्हणाला, "नाव काढून घ्या."

गुरुजी घाबरले. "काका, ज्याच्यासाठी एवढं केलं, तेच?"

"त्याचं नाही ते. काढून घ्या."

"दगडावरचं आता नाही निघत, काका. छिन्नी मारली तं अख्खी पाटीच फुटते." मग खालच्या आवाजात म्हणाले, "अन् मी शाळेत मुलांकडून पाठही करून घेतलं आहे. वरून तसं सांगणं होतं."

ते खरंच पसरलं. वर्षभरात सौसरात देवीदास सोमकुवरचं नाव काढलं, की लोक आठ्या न घालता म्हणायला लागले, "तो ना? विमान पाडणारा!" न्हावी म्हणायचा, राशनवाला म्हणायचा, आणि आवाज कोणाचाच खाली यायचा नाही. श्रावण दिसेल त्याला थांबवून सांगायचा, "नाही जी. पूल राखला त्यानं. अन् ट्रकखाली मेला." पहिल्यांदा लोक ऐकून घ्यायचे. मग एकमेकांना खुणा करायला लागले. पोराच्या दुःखानं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, शहिदाच्या बापाच्या नशिबी असं यावं, म्हणायचे. ज्या दोन शब्दांनी चौदा वर्षं त्याला जाळलं, तेच शब्द आता तो दारोदार घेऊन फिरत होता आणि कोणी घेत नव्हतं.

हे चंद्रकलाच्या कानावर गेलं.  पुढच्या मंगळवारी नत्थूजींच्या घरी जायचं होतं, तेव्हा स्टेशनावर गाडीत चढताना तिनं हात पुढे केला आणि श्रावणचं मनगट धरलं.

डब्यात समोर एक बाई बसली होती, लोधीखेड्याची, बोलघेवडी. कन्हानचा पूल आला, चाकांचा आवाज बदलला, आणि चंद्रकलानं हात जोडले.

"कोणाले हात जोडून राहिल्या, माय?" त्या बाईनं विचारलं.

"माह्या पोराले. मिलिट्रीत होता. असाच एक पूल राखला त्यानं."

"हो का? मंग हाय कुठी तो आता?"

श्रावणनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. त्याला ऐकायचं नव्हतं आणि कान तिकडेच होते.

"ट्रकखाली मेला," चंद्रकला म्हणाली. तिचा आवाज खाली आला नाही.